रद्दी आणि दप्तर : खानदेशातील एका लोकव्रताची हकीकत



इतिहासाचे व्याख्यान म्हटले म्हणजे श्रोत्यांची अपेक्षा लढायांची, तहांची आणि राजकारणांची असते. आज आम्ही जी हकीकत सांगणार आहोत तीत तलवार कोठेही नाही. तीत वाळवी आहे, कसर आहे, उंदीर आहेत, वाण्याचा तराजू आहे. आणि ह्या सर्वांशी पदरमोड करून झगडणारे काही वकील, शिक्षक आणि कारकून आहेत. ही लढाई आपल्या धुळे-जळगावकडे झाली, आणि ती अद्याप संपलेली नाही, म्हणूनच ती आपल्यापुढे मांडावीशी वाटते.

आरंभी एक कबुली देणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या जुन्या घराचे धाबे पावसाळ्यात गळू लागले, म्हणून वरची खोली रिकामी करावयास आम्ही घेतली. तेथे एका लाकडी पेटीत मळकट रुमालात बांधलेली कागदांची गाठोडी निघाली. अक्षर मोडी, घरात ते कोणासच वाचता येईना. दिवाळी तोंडावर आलेली, रंगारी दारात उभा. आम्ही ती गाठोडी वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवली. पुढे आठ-दहा दिवसांनी घरात शेंगदाण्याची पुडी आली, ती त्याच जातीच्या कागदाची. पुडी उलगडून आम्ती ती एका मोडी जाणणाऱ्या वृद्ध गृहस्थांकडे नेली. त्यांनी ‘शके सतराशे’ एवढे वाचले आणि थांबले. त्यापुढचा कागद फाटलेला होता. कोणते साल, कोणाचे पत्र, कशाबद्दलचे, हे आता कधीही कळावयाचे नाही. आजचे व्याख्यान हे त्या अपराधाचे प्रायश्चित्त समजा.

परंतु जुना कागद मोडीत काढणे हे मुळातच पाप आहे असे आमचे म्हणणे नाही. आपला खानदेश तर कागद करणाऱ्यांचा मुलूख. अंजनी नदीच्या काठचे एरंडोल आपणांस पांडववाड्यामुळे ठाऊक आहे. परंतु इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरात एरंडोलची ख्याती सांगितली आहे ती देशी जाड्याभरड्या कागदाच्या गावची. यावलचेही तसेच, तेथे कागद होई आणि नीळही होई. हातकागदाचा धंदा मूळचाच टाकाऊ मालावर चाले. गोणपाटाच्या चिंध्या, तुटके दोर, जुने रद्दी कागद हे सारे चुन्याच्या पाण्यात भिजवायचे, कुटायचे, नदीवर धुवायचे, पुन्हा कुटायचे. मग हौदात कालवून चौकटीच्या जाळीवर त्याचा पातळ थर उचलायचा, भिंतीवर वाळवायचा, खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटायचा. म्हणजे आजोबांच्या जमाखर्चाचा लगदा होऊन नातवाच्या लग्नाची यादी त्यावर लिहिली जाई. कोरा कागद महाग असे, म्हणून पाठकोरा कागद टाकून देणे हे उधळेपणाचे लक्षण मानीत. काटकसर आणि जतन ही आपल्या घरांत एकाच चुलीवर नांदत होती.

मग बिघडले कोठे? हे समजून घेण्यासाठी कागद लोक का जपत होते ते पाहिले पाहिजे. आपले पूर्वज इतिहासाच्या प्रेमाने दप्तरे राखीत होते असे कोणी समजू नये. ते राखीत होते वतनासाठी. सनद, महजर, वाटणीपत्र, खताचा कागद ह्यांवर घरची भाकरी अवलंबून असे. इंग्रज सरकारने १८५२ चा अकरावा कायदा करून इनामांची चौकशी चालविली, तेव्हा ज्याच्यापाशी समाधानकारक पुरावा निघाला नाही त्याचे इनाम धोक्यात आले. त्या दिवसापासून कागदाविषयी दोन भावना आपल्या समाजात एकदम मुरल्या : कागद हरवता कामा नये, आणि कागद परक्याला दाखविता कामा नये. पुढे १९५० नंतर कुलकर्णी वतने आणि इनामे कायद्याने संपुष्टात आली. ह्या सुधारणेने रयतेचे हित झाले ह्यात शंका नाही. परंतु त्याचबरोबर कागदाचा व्यवहारातला उपयोग सरला. त्याच सुमारास शाळांतून आणि कचेऱ्यांतून मोडी लिपी उठली. ज्याचा उपयोग नाही आणि जे वाचताही येत नाही ते घरात किती दिवस राहणार? वतनाचे दप्तर एका पिढीत रद्दी झाले. आम्ही विकलेली पेटी ही अशा हजारो पेट्यांपैकी एक.

आता दुसऱ्या एका प्रकारच्या दप्तराकडे वळू. ते घराचे नव्हे, सरकारचेही नव्हे; ते धर्मसमुदायाचे. जगभर असे दिसून येते की सामान्य माणसाची नोंद राजाने ठेवली त्याच्याही आधी धर्मसंस्थेने ठेवली. इंग्लंडात १५३८ साली टॉमस क्रॉमवेल ह्याने हुकूम काढला की प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन ह्यांची वही ठेवावी. कॅथलिक पंथाच्या ट्रेंट येथील परिषदेने १५६३ साली प्रत्येक पाद्र्यास विवाहाची नोंदवही ठेवणे बंधनकारक केले. वधूवरांची नावे, साक्षीदार, दिवस आणि ठिकाण हे तीत असले पाहिजे असे ठरविले. पुढे इंग्लंडात कागदी वह्या जीर्ण होऊ लागल्या, तेव्हा १५९८ साली त्या टिकाऊ चर्मपत्रावर उतरवून घेण्याचा आदेश निघाला. आज तेथला एखादा लोहार आपल्या दहाव्या पिढीच्या लोहाराचे नाव सांगू शकतो तो ह्या वह्यांच्या बळावर.

यहुदी लोकांची रीत आणखी वेगळी. ज्या कागदावर ईश्वराचे नाव असण्याचा संभव आहे तो जाळायचा नाही, फेकायचा नाही, अशी त्यांची श्रद्धा. असे निरुपयोगी कागद प्रार्थनामंदिरातील एका कोठडीत टाकून देत. कैरो शहराच्या जुन्या भागातील बेन एझ्रा मंदिराच्या अशा कोठडीत शेकडो वर्षांचा कागद साठला होता. केंब्रिजचे विद्वान सॉलोमन शेश्टर १८९६-९७ च्या हिवाळ्यात तेथे गेले आणि त्यातील सुमारे १,९०,००० तुकडे केंब्रिजला घेऊन आले. त्यात धर्मग्रंथ तर होतेच; परंतु लग्नाचे करार, उधारीच्या याद्या, मुलांचे कित्ते आणि हिंदुस्थानाशी व्यापार करणाऱ्या सौदागरांची पत्रेही होती. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मध्ययुगीन व्यापाराविषयी पुष्कळ माहिती जगास मिळाली ती ह्या केराच्या कोठडीतून.

आपल्याकडे काय होते? आपल्याकडे त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या होत्या. खानदेशातील शेतकरी, वाणी, सोनार, मराठा, ब्राह्मण, जो कोणी गोदावरीवर गेला, त्याचे नाव, गाव, बाप, आजा, भाऊ आणि मुलगे ह्यांची नोंद उपाध्याने आपल्या वहीत करून घेतली आणि पुष्कळदा यजमानाची सहीही घेतली. चर्चच्या नोंदवहीला आमचे हे उत्तर होते. परंतु कैरोच्या कोठडीला मात्र आमचे उत्तर नव्हते. उलट आमची रीत विपरीत होती. पोथी जीर्ण झाली, पाने सुटली, की ती नदीत सोडून द्यावयाची. ग्रंथ पवित्र, नदी पवित्र; तेव्हा ग्रंथाला गती मिळाली अशी समजूत. ह्या भक्तिभावाने गोदावरी, कृष्णा, तापी ह्यांच्या पोटात किती ग्रंथ गेले असतील त्याची गणती कोण करणार? वाण्याने नेलेला कागद निदान पुडी होऊन परत तरी येतो. नदीने नेलेला येत नाही.

आणि जे मठ पोथी नदीत सोडीत नसत ते तिची पूजा करीत. रेशमी वस्त्रात गुंडाळलेली पोथी देव्हाऱ्यात ठेवायची, तिला रोज गंधफूल वाहायचे, आणि वर्षानुवर्षे ती उघडायची नाही. गंधाच्या ओलाव्याने पाने चिकटतात, फुलांबरोबर किडा येतो, तेलाचा डाग अक्षर खातो. जुने लेखक पोथीच्या शेवटी तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून आणि मूर्खापासून ग्रंथाचे रक्षण करा अशी विनंती लिहून ठेवीत. त्यांना वाचकाचा स्वभाव ठाऊक होता.

ह्या स्थितीत धुळ्यास एक गोष्ट घडली. १८९३ साली येथे सत्कार्योत्तेजक सभा स्थापन झाली. तिचे प्रवर्तक शंकर श्रीकृष्ण देव. समर्थभक्त नानासाहेब देव म्हणून ते महाराष्ट्रास परिचित आहेत. काँग्रेसचे पुढारी शंकरराव देव ते निराळे. नामसादृश्यामुळे घोटाळा होतो म्हणून सांगितले. आमचे देव वकील होते. समर्थ रामदासस्वामी १६८२ साली समाधिस्थ झाले. त्यांच्या मागे त्यांचे मठ महाराष्ट्रभर पसरले होते आणि प्रत्येक मठात काही ना काही हस्तलिखिते होती. ती एकत्र पाहिल्याशिवाय समर्थांचे चरित्र आणि वाङ्मय शुद्ध स्वरूपात मिळणार नाही, हे देवांनी ओळखले आणि ते मठ हिंडू लागले.

ह्या कामात पैशाची अडचण होतीच. पण मोठी अडचण संशयाची होती. महंतास वाटे, हा वकील आहे. कागद नेईल आणि उद्या इनामाचा दावा लावील. इनामाच्या चौकशीचे भय आम्ही मघाशी सांगितले ते ह्यासाठीच. ह्या भयावर कायद्याचा उपाय नव्हता. येणारा मनुष्य सांप्रदायिक आहे, पोथीला हात लावण्यापूर्वी तो तिला नमस्कार करतो आणि जे घेतो त्याची नोंद ठेवतो, एवढी खात्री पटवावी लागे. भक्ती आणि चिकित्सा ह्या दोन गोष्टी एकाच माणसात नांदल्या म्हणून मठांची दारे उघडली. नुसता भक्त पूजा करून परत आला असता. नुसत्या चिकित्सकाला दारात उभे केले नसते.

ह्या खटपटीचे मोठे फळ म्हणजे डोमगावची प्रत. सीना नदीच्या काठी परांड्याजवळ डोमगाव आहे. त्या काळी ते निजामी मुलुखात मोडत असे. तेथे समर्थांचे पट्टशिष्य कल्याणस्वामी ह्यांचा मठ. दासबोध समर्थांनी सांगितला आणि कल्याणांनी लिहिला अशी परंपरा आहे. आणि कल्याणांच्या हातची मानली जाणारी प्रत त्या मठात होती. तिच्या आधारे १९०५ साली धुळ्याच्या सभेने दासबोध छापून प्रसिद्ध केला. तोपर्यंत प्रचारात असलेल्या छापील प्रतींत नकलाकारांच्या चुका आणि भर पुष्कळ शिरली होती. आता पाठ ताडून पाहावयास एक मूळ हाती आले. पुढे ‘रामदास आणि रामदासी’ ह्या मालेतून संप्रदायाचे साहित्य एकामागून एक बाहेर पडत गेले, आणि १९३५ साली ह्या हस्तलिखितांसाठी धुळ्यात श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर उभे राहिले. समर्थांच्या हातचे मानले जाणारे वाल्मीकि रामायण तेथेच जपलेले आहे. मंदिर म्हटले, पण त्यातील दैवत म्हणजे पोथ्या. फरक एवढाच की येथे पोथी पुजण्यासाठी बंद ठेवलेली नाही. तिचे नाव यादीत आहे, आणि ज्याला अभ्यास करावयाचा त्याने ती मागावी अशी सोय आहे. देव १९५८ साली वारले. साठ-पासष्ट वर्षे एका माणसाने एकच काम केले, आणि ते पोटाच्या व्यवसायाबाहेर राहून केले.

ह्याच धुळ्यात दुसरा एक महापुरुष आपले अखेरचे दिवस घालवीत होता. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ साली काढला आणि पुढे एकंदर बावीस खंड प्रसिद्ध केले. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली निघाले तेही त्यांच्याच प्रेरणेने. ह्या माणसाजवळ ना सरकारी नेमणूक ना संस्थानाचा तनखा. स्वतः रांधून खावे, पायी हिंडावे, वाड्यावाड्यांतून दप्तरे धुंडाळावी, आणि मिळेल तो कागद तिथल्या तिथे उतरून घ्यावा, असा त्यांचा क्रम. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यास वारले. त्यांच्या मागे उरले ते कागद : पत्रांच्या नकला, टिपणे, आणि मराठी धातूंच्या व शब्दांच्या व्युत्पत्तीच्या असंख्य नोंदी.

येथे क्षणभर थांबून विचार करा. एका विक्षिप्त म्हणून प्रसिद्ध असलेल्या, एकट्या विधुर माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्या खोलीत कागदांचा ढीग राहतो. असे ढीग आपणही पाहिले आहेत. त्यांची गती काय होते हेही आपण जाणतो. धुळ्याच्या नागरिकांनी ते होऊ दिले नाही. जानेवारी १९२७ मध्ये, म्हणजे महिना उलटण्याच्या आत, राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. ‘महाराष्ट्रधर्म’ ह्या ग्रंथाचे कर्ते भास्कर वामन भट ह्यांच्यासारखी माणसे त्यात पुढे होती. मंडळाने कागद लावले, छाटले, जुळविले. त्या नोंदींतून १९३७ साली ‘राजवाडे धातुकोश’ आणि १९४२ साली नामादि शब्दांचा व्युत्पत्तिकोश बाहेर पडला. मृताच्या खोलीतला केर हा दहा-पंधरा वर्षांच्या बिनमोल श्रमाने मराठी भाषेचे धन झाला. मंडळाने पुढे खानदेशातून नाणी, मूर्ती, पोथ्या आणि दप्तरे जमविली, वस्तुसंग्रह उभा केला, ‘संशोधक’ हे नियतकालिक चालविले.

ह्याच काळात पुण्यास रियासतकार सरदेसाई ह्यांनी पेशवे दप्तरातून निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग काढले. ते काम थोर, पण त्यामागे सरकारचा खजिना आणि कचेरीचा नोकरवर्ग होता. धुळ्याच्या कामामागे वर्गणीची वही होती. म्हणून त्याचे मोल आम्हांस वेगळे वाटते.

जळगावकरांस वाटेल की सगळे श्रेय धुळ्यास गेले. तसे नाही. ह्या गोष्टीतले सर्वांत हृदयस्पर्शी उदाहरण जळगावचेच आहे. आसोद्याच्या लेवा घराण्यात जन्मलेल्या आणि जळगावच्या चौधरी घरात नांदलेल्या बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात वारल्या. त्यांना लिहिता येत नव्हते. जात्यावर, शेतात त्या ओव्या रचीत. ऐकणाराने ऐकावे आणि वारा न्यावे. परंतु त्यांचे पुत्र सोपानदेव आणि घरातील एक आप्त ह्यांनी त्यांतल्या काही वेळोवेळी वहीत उतरून ठेवल्या. त्या वहीतली गाणी आचार्य अत्रे ह्यांच्या दृष्टीस पडली आणि १९५२ साली त्यांचे पुस्तक झाले. ह्यात मंडळ नव्हते, सभा नव्हती. एक वही होती आणि ती फेकली नाही एवढेच. जे उतरून घेतले गेले नाही ते बाईंबरोबर गेले. नोंद करणारा हात आणि विस्मरण ह्यांच्यामधले अंतर किती थोडे असते ते ह्यावरून समजावे.

आता कोणी विचारील, मग काय सगळेच ठेवायचे? घरे लहान, कागद अपार. हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. सर्व ठेवणारा मनुष्य काहीच ठेवीत नाही. कारण ज्या ढिगातून हवा तो कागद सापडत नाही तो ढीग आणि रद्दी ह्यांत फरक कोणता? एरंडोलच्या कागदकऱ्याने जुना कागद कुटला म्हणून आपण त्याला दोष देत नाही. छापील वर्तमानपत्र, वाण्याची पावती, ज्याच्या हजार प्रती अन्यत्र आहेत असा कागद खुशाल मोडीत जाऊ द्यावा. त्याचा पुन्हा कागद व्हावा, त्यात झाडांचेही कल्याण आहे. परंतु हातचे लिहिलेले, ज्याची दुसरी प्रत नाही असे, ते काट्यावर चढविण्यापूर्वी एकदा जाणत्याला दाखवावे. देव आणि राजवाडे ह्यांचे व्रत साठविण्याचे नव्हते, निवडण्याचे होते.

आणि निवडीचा पाया म्हणजे यादी. आमच्या मते ह्या साऱ्या चळवळीतला खरा पराक्रम यादी करण्याचा आहे, आणि तोच कोणाच्या गौरवग्रंथात येत नाही. कागद कोणाकडून आला, कोणत्या गावचा, कोणत्या तिथीचा, किती बंद, पुरा की अपुरा, हे एका ओळीत लिहून ठेवणारा माणूस नसेल तर वाड्यातले दप्तर संस्थेत आले काय आणि वाड्यात कुजले काय, सारखेच. वाळवीपेक्षा बिनयादीची कपाटे अधिक इतिहास खातात.

आज साधने बदलली आहेत. केंद्र सरकारने २००३ साली हस्तलिखितांसाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली. छायाचित्राने पोथीची नक्कल क्षणात होते. परंतु यंत्र हे कागद घरातून बाहेर आल्यावरचे साधन आहे. तो बाहेर येण्यासाठी आजही कोणीतरी ओट्यावर बसून घरधन्याची खात्री पटवावी लागते. आणि मोडी वाचणारे डोळे लागतात. असे डोळे दिवसेंदिवस कमी होत आहेत.

शिवाय आपण स्वतः आज जे दप्तर तयार करीत आहो त्याचे काय? आपल्या गावच्या देवळाच्या पंचांचा जमाखर्च, भजनी मंडळाची वही, यात्रेच्या वर्गणीची यादी, चर्चची विवाहनोंद, मशिदीच्या दुरुस्तीचा हिशेब, जातिपंचायतीचे ठराव ही सारी उद्याची साधने आहेत. चिटणीस बदलला की वह्या त्याच्या घरी राहतात, आणि त्याच्या मुलाने घर रंगविले की त्या काट्यावर चढतात. प्रत्येक संस्थेने वर्षातून एक दिवस, दिवाळीच्या आवराआवरीपूर्वीचा, ह्या कामाला द्यावा. दोन-चार तरुणांनी आणि एखाद्या निवृत्त शिक्षकाने बसावे. ठेवायचे ते निराळे काढावे, त्याची यादी करावी, यादीची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, वेखंडाची पुरचुंडी घालून रुमाल बांधावा. आणि उरलेले निःशंकपणे रद्दीत द्यावे. त्या रद्दीच्या पैशात रुमालाचे कापड येते, हा हिशेब आम्ही करून पाहिला आहे.

कारण ती शेंगदाण्याची पुडी आम्ही अजून ठेवली आहे. तिच्यावर ‘शके सतराशे’ एवढेच आहे. परंतु ती आता यादीत आहे : पहिला आकडा, एक बंद, अपुरा, साल फाटले. त्याच्या खाली आजपर्यंत सत्तेचाळीस नोंदी झाल्या आहेत. त्या सगळ्या दुसऱ्यांच्या घरच्या आहेत.